वजीरभाईंचा उतारा

माझी बायको मुक्ता गेल्यापासून मी लोकांच्या तब्येती बघत सुटलो आहे. तिच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून बसून मला अर्धवट डॉक्टरकी चढली. शिरूरच्या बाजारात कुणी जांभई दिली तरी मी त्याला रक्त तपासायला सांगतो. एका न्हाव्याला कावीळ ठरवली, तर त्याच्या भाचीची हळद होती. मारुतरावांच्या गालाची सूज चारचौघांत दाखवली, ती सुपारी निघाली. आता मी दिसलो की मारुतराव लांबूनच ओरडतात, "गोकुळराव, मी ठणठणीत हाय!" आणि रस्ता ओलांडतात.

तरी वजीरभाईंच्या बाबतीत माझी खात्री होती.

वजीर मुलाणी म्हणजे दौंडचे. पुण्याच्या पेपरात वर्षानुवर्षं सिनेमावर लिहिणारे, आणि आता दर शुक्रवारी मोबाईलवर बोलणारे. त्यांची मुलगी फरहत व्हिडिओ काढते. ते पिक्चरला स्टार देत नाहीत, उतारा देतात. शंभर किलो उसातून साखर किती निघाली तो कारखान्याचा उतारा, तसा पिक्चरचा. नऊ म्हणजे बरा, अकरा म्हणजे उत्तम, आणि बाराच्या पुढं त्यांनी कधी कुणाला जाऊ दिलं नाही. मुंबईचे निर्माते फोन करून विचारायचे म्हणे, साहेब, नऊ म्हणजे दहापैकी का?

शुक्रवारी संध्याकाळी मी आणि मुक्ता मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून बसायचो. वजीरभाई पिक्चरला झोडपायचे आणि मुक्ता वजीरभाईंना. "तुला काय कळतंय रे मेल्या!" हे तिचं ठरलेलं. मी मधे बसून दोघांचं ऐकत शेंगदाणे खायचो. ती गेल्यावर डबा, मोबाईल आणि वजीरभाई एवढेच राहिले. शुक्रवारी घरात कुणीतरी चिडून बोलतंय, एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. तेही गेले तर काय, ही माझी भीती.

दिवाळीनंतर वजीरभाई बदलले. ज्या पिक्चरच्या जाहिरातीतच मला डुलकी लागली, त्याला त्यांनी साडेबारा उतारा दिला. पुढच्याला पावणेतेरा. "हिरॉईन काय दिसती राव!" म्हणाले. शिव्या बंद. पूर्वी कॅमेऱ्याकडं बोट रोखून बोलायचे, आता कॅमेऱ्याच्या शेजारी कुठंतरी बघायचे. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती ढिली. बोलता बोलता सारखं पाणी प्यायचे. मी निदान केलं: शुगर. माणसाच्या तोंडातून इतकी साखर यायला लागली, यापेक्षा मोठं लक्षण कोणतं?

व्हिडिओखाली मी लिहिलं, "साहेब, लक्षणं चांगली नाहीत. उतारा बघावा लागेल. घरी येतो." शिरूरच्या पोरांनी त्याखाली हसणारी तोंडं चिकटवली. फरहतनं मला ब्लॉक केलं.

म्हणून मी एसटीत बसलो. मुक्ताचं शुगर तपासायचं मशीन घेतलं. शुगरच्या माणसाकडं पेढे काय न्यायचे, म्हणून तिनं लावलेल्या झाडाची लिंबं पिशवीत भरली. निघताना पॅन्ट खाली यायला लागली, तेव्हा पट्ट्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलं. न्हावरे, चौफुला, पाटस, मग दौंड. वाटेत पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या आणि दोनदा गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, अजून कितीदा?" ऊन होतं, मी तरी काय करणार.

दार फरहतनं उघडलं. मी नाव सांगितलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पिशवीतल्या लिंबांकडं.

"व्हय, तुम्हीच ते! काका, आमच्या घरात उतारा-बितारा चालत न्हाई. लिंबं घ्या आन् जावा बरं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मला लिंबू ओवाळून चौकात टाकणारा बाबा समजत होती. मी "तो उतारा नव्हे, साखरेचा" असं सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "साखर पण न्हाई पाहिजे."

आतून आवाज आला, "कोण हाय गं? येऊ दे की."

मी आत गेलो. वजीरभाई उठले, हसले आणि खुंटीवरच्या रेनकोटला म्हणाले, "या, बसा." मी रेनकोटच्या वतीनं बसलो. मनात म्हटलं, अशक्तपणा.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुम्ही डॉक्टर हाय?"

"कंडक्टर. रिटायर."

"म्हंजी निम्मं जुळतंय. ही कॉलर का? सदरा जावयाचा हाय. पाणी का? ही पोरगी तोंडावर दिवा धरती, घसा वाळतोय. घ्या, टोचा. पण आधी स्वतःला टोचून दाखवा."

मी माझं बोट टोचलं. मशीनवर आकडा आला. मी चष्मा घरी विसरलो होतो. मशीन त्यांच्या पुढं धरलं. त्यांनी ते लांब नेलं, जवळ आणलं, नाकाला लावलं आणि माझ्याकडं परत दिलं. शेवटी फरहतनं वाचलं.

"तीनशे ऐंशी!"

मी उडालो. "बघा! मी म्हणत नव्हतो? वजीरभाईंना शुगर हाय!"

"काका," ती म्हणाली, "हे बोट तुमचं हाय."

मग वजीरभाईंचं तपासलं. एकशे पाच. ते इतके हसले की सोफा हलला. "अहो, तुम्ही ऊस असता तर कारखान्यानं बँड लावून नेलं असतं!"

मी पट्ट्याच्या नव्या भोकावर हात ठेवून बसलो. खिळा ठोकताना मुक्तानं विचारलं असतं, हे काय चाललंय. विचारायला कुणी नव्हतं, आणि मला मारुतरावांच्या गालातून सवड नव्हती.

फरहत हसत नव्हती. "अब्बा, मशीन नाकाला का लावलंत? आकडा दिसला न्हाई?"

वजीरभाईंनी डोळे चोळले. मग म्हणाले, "मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. वर्ष झालं."

"आन् मला वाटलं वयानं मऊ पडलात!"

"सगळं धुक्यात दिसतंय गं. नट्या सगळ्या पंचविशीतल्या. नावं कुणाला ठेवू? जे दिसलं न्हाई त्याला वाईट कसं म्हणायचं? म्हणून चांगलं म्हणत गेलो. आणि लोकांना कळलं तर? आंधळा पिक्चर सांगतोय म्हणत्याल."

"ऑपरेशन करा की," मी म्हणालो.

"डोळ्याला हत्यार लावायचं? तुम्ही करा."

"माझा डोळा चांगला हाय. रक्त वाईट हाय."

"मग असं करा. तुम्ही उद्याच्या उद्या गोळ्या चालू करा. तुम्ही आकडा खाली आणा, मी पडदा वर करतो. आधी तुम्ही. मी तुम्हाला ओळखत न्हाई, विश्वास कसा ठेवू?"

फरहतनं मला ब्लॉकमधून सोडवलं आणि माझ्याच लिंबांचं सरबत आणलं. त्यांना साखरेचं, मला मिठाचं.

मी गोळ्या चालू केल्या. मारुतरावांना सांगितलं तर ते रस्ता ओलांडून अलीकडं आले आणि माझ्याच तब्येतीवर तासभर बोलले. आता त्यांना बघितलं की मी पळतो.

मधले काही शुक्रवार व्हिडिओ आला नाही. घर फार गप्प होतं. डबा मांडून मी शेंगदाणे खायचो, तेही मोजके.

मग एका शुक्रवारी वजीरभाई मोबाईलवर आले. काळा चष्मा, आणि बोट थेट माझ्या नाकावर रोखलेलं. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. गेल्या वर्षभराचे उतारे रद्द. आता स्वच्छ दिसतंय आणि त्याचं वाईट वाटतंय. या पिक्चरचा उतारा सव्वासात. ऊस न्हाई, चिपाडं गाळली हायत."

तो पिक्चर मी शिरूरला बघितला होता. मला आवडला होता. मी डब्याकडं बघून एकदम ओरडलो, "तुला काय कळतंय रे मेल्या!"

तोंडातून मुक्ताचं वाक्य आलं होतं.

फोन वाजला. "कंडक्टर, बघितलं का? बोला, तुमचा उतारा किती?"

मी चष्मा शोधला, बोट टोचलं आणि मशीनवरचा आकडा वाचून सांगितला.

"अजून जास्त हाय," वजीरभाई खेकसले. "पुढच्या शुक्रवारी परत विचारीन."