सतरा नंबरची डिस्क

आमच्या सर्व्हर रूममध्ये माझा एकच नियम होता: आधी डिस्क बाहेर, मग इन्स्टॉल. हाताखालच्या लोकांचे कान किटेपर्यंत मी तो सांगितला होता.

कारण साधं. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात स्वतःची डिस्क ठेवायची नाही, असं वर ठरलं होतं. सगळ्यांचं सगळं कोपऱ्यातल्या एका मोठ्या स्टोरेजमध्ये राहणार आणि मशीन केबलवरून, तिथूनच सुरू होणार. एखादं मशीन मेलं तर त्याच्या जागी दुसरं उभं करायचं, दहा मिनिटांत ते कामाला लागतं. फक्त इन्स्टॉल करताना जुनी डिस्क आत राहिली, तर कुठे इन्स्टॉल करायचं ते विचारणाऱ्या यादीत तीच पहिली दिसते. घाईत माणूस तिच्यावरच लिहून मोकळा होतो आणि तिच्यावरचं सगळं पुसलं जातं.

सोळा मशीन मी नियमाने केली. सतरावं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते धाकट्याचं होतं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याच हाताखाली कामाला. कामात वाघ, पण सकाळी उठायच्या नावाने बोंब. रोज मी त्याच्या दारावर थापा मारून घर डोक्यावर घ्यायचो. म्हणून पठ्ठ्याने सतराव्यात एक ओळ घालून ठेवली होती. मशीन सुरू झालं की ती पडद्यावर यायची, इंग्रजी अक्षरांत, पण आपल्याच भाषेत: ‘उठलो रे दादा. आता ओरडू नकोस.’

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी तो उठलाच नाही. झोपेतच हृदय बंद पडलं होतं, आणि मी दाराबाहेरून नेहमीसारखा ओरडत होतो. काय काय बोललो ते आईने ऐकलंय.

त्या ओळीबद्दल तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला एकदा दाखव." साहेबांच्या हातापाया पडून मी तिला आत आणायची गुरुवारची परवानगी मिळवली. काम मात्र बुधवारी संपवायचं होतं. बेत सोपा होता: डिस्क काढायची, शेजारच्या जुन्या मशीनला लावायची, आईला ओळ दाखवायची.

बुधवारी डिस्कच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि ती ओढवेना. म्हटलं, राहू दे अजून थोडा वेळ तिच्या जागी. आधी इन्स्टॉल करून घेऊ. यादी आली. डोळे भरलेले होते. मी पहिल्याच ओळीवर एंटर मारलं.

बॅकअप फक्त कामाच्या डेटाचा असायचा. ती ओळ कामाची नव्हती.

गुरुवारी आई आली, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला घालून. मी मशीन सुरू केलं. पडद्यावर पासवर्ड मागणारी कोरी चौकट आली.

"आई, ती पुसली गेली. माझ्याच हातून."

ती पडद्याकडे बघत राहिली. मला ते सोसवेना. मी कीबोर्ड पुढे ओढला. "थांब, पुन्हा लिहितो. शब्द न् शब्द पाठ आहे मला."

तिने माझं मनगट धरलं.

"नको. तू लिहिलेलं नकोय मला." मनगट न सोडताच म्हणाली, "त्या सकाळी तुला गप्प बस म्हणणार होते मी. मग वाटलं, ओरडू दे. तुझ्या आवाजानेच उठतो तो."

सतरावं मशीन व्यवस्थित चालू होतं. आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे राहून रडलो.