नाव कापायचा ठराव

पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा भरली, आणि चिमाजी भांडायच्याच तयारीनं आला. पंचायतीच्या निवडणुकीत पाड्याचा माणूस थोडक्या मतांनी पडला होता. का, तर निम्मी पोरं दिंडोरीला द्राक्षाच्या बागांत राबत होती, मताच्या दिवशी एकही घाट चढून आलं नाही. माणूस पडला, नळ खालच्या गावाला गेला, आणि पाड्याच्या बायांच्या डोक्यावर हंडे राहिले ते राहिलेच. चिमाजीचा जीव जळत होता. त्यानं जन्मात एक मत चुकवलं नव्हतं, तापानं फणफणत असतानाही गेला होता.

"जो मत टाकत नाय त्याचं मतयादीतलं नाव कापा," तो म्हणाला. "आज ठराव करा. नाव गेलं का येतील बोंबलत."

पुरुषांनी माना डोलावल्या. बायांत मात्र कालवा उठला. पाड्यावर नाव कापायचं ते फक्त मेलेल्याचं. दहावं उरकलं की घरचा माणूस पंचायतीत जाऊन सांगायचा, आमच्या माणसाचं नाव कापा. आता जित्या पोरांची नावं कापणार म्हटल्यावर म्हाताऱ्या बयाबाईनं पदर डोळ्याला लावला.

मालनबाईची दोन्ही पोरं बागेत. ती कशाला गप्प बसते? "कापा की," ती म्हणाली. "पन सुरवात तुमच्या कुंदनपासून करा, चिमाजीबाबा."

कुंदन हा चिमाजीचा एकुलता. तीन वर्षांमागं छाटणीला दिंडोरीला गेला, तिथून कुणाच्या तरी ट्रकवर पुढं गेला, आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला. बापानं खूप धुंडाळला. पुढं घरात त्याचं नाव निघेनासं झालं. रागाच्या भरात चिमाजीला आपलं पोर आठवलंच नव्हतं, आणि ते आता विंचू डसल्यासारखं लागलं.

ग्रामसेवक प्रफुल्ल भला माणूस. मत टाकलं नाही म्हणून कुणाचं नाव निघत नाही, तसा ठरावच करता येत नाही, असं त्यानं समजावलं. माणूस मेला किंवा कायमचा गाव सोडून गेला, तरच निघतं. मग त्यानं हळूच विचारलं, "बाबा, कुंदन गाव सोडून गेला म्हणायचं का?"

पलीकडं कुंदनची आई नवसाबाई उभी राहिली होती. सभेत ती कधी उठली नव्हती.

चिमाजीनं तिच्याकडं पाहिलं. "सोडून नाय गेला. कामाला गेलाय. येत्या मताला येनार हाय."

खोटं सगळ्यांना कळलं. मालनबाईनंही मान खाली घातली.

परतताना वाट उन्हानं तापली होती. एरवी मागून चालणारी नवसाबाई आज पुढं होती. वळणावर ती थांबली.

"फोन आला व्हता का त्याचा? मला सांगितलं नाय तुमी."

चिमाजीला नाही म्हणायचं होतं. पण तिचा असा उजळलेला चेहरा त्यानं तीन वर्षांत पाहिला नव्हता.

"मंग घर सारवाया काढते," ती म्हणाली. "भिंतीचं पोपडं निघालंत."

"काढ," चिमाजी म्हणाला.