लाल ठिपका

"पंखे फिरतायत की छान," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "झाला ना सुरू?"

"पंखाच हवा असता तर दुकानातून पंखाच आणला असता." बाबाने पुन्हा कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतले दिवे लागले, पंखे घुमले, पडदा मात्र ढिम्म काळा.

भिंगरीला हसू आलं, पण ती हसली नाही. तिची पाचावर धारण बसली होती. कॉम्प्युटरचं काय, आज नाही तर उद्या चालेल. पण उद्या बाबा कामावर जाणार होता.

बाबा लिफ्ट मेकॅनिक. लिफ्टच्या बोगद्यात शिडीवरून पडला, डोक्याला टाके पडले, तेव्हापासून घरीच. डॉक्टर म्हणाले, जा आता. पण बाबाचाच स्वतःवर भरवसा बसेना. म्हणून त्याने हे सुटे भाग मागवले. "हा एकट्याने जोडून सुरू केला, की उद्या हत्यारांची पिशवी खांद्याला." भिंगरीने फक्त स्क्रू हातात द्यायचे आणि तोंड मिटून बसायचं. त्यातलं दुसरं काम तिला फार जड गेलं.

बाबाची एक जुनी पद्धत होती. नट आवळला, वायर बसवली, की शेजारी लाल ठिपका. ठिपका म्हणजे हे झालं, माझ्या हाताने झालं. इथेही आईचं नेलपॉलिश पळवून त्याने जोडणी-जोडणीपाशी ठिपके दिले होते. "गोवर आलाय त्याला," आई म्हणाली होती.

"केबलच गेली असणार," बाबा उठला. "खालच्यांकडून दुसरी आणतो. तू हात लावू नकोस." चपलेत पाय घालताना त्याचा नेम चुकला. भिंगरीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

हात लावू नको म्हटलं होतं, डोळे लावू नको असं काही म्हटलं नव्हतं. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि टॉर्च घेऊन आत डोकावली. मेमरीच्या पट्ट्या घट्ट. ठिपका. मोठी वायर घट्ट. ठिपका. मग वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड, एक रिकामं सॉकेट दिसलं. प्रोसेसरला वीज देणारी वायर तिथे हवी होती. ती मागे छान वळवून, पट्टीने बांधून ठेवलेली.

आणि त्या रिकाम्या सॉकेटशेजारी लाल ठिपका. गोल, सुबक, वाळलेला.

विसरतात माणसं. ती स्वतः डबा विसरते, गृहपाठ तर आवडीने विसरते. पण बाबा विसरला नव्हता. हे झालं, असं त्याला वाटलं होतं.

वायर खुपसली की संपलं. कुणाला कळणार नाही. तिने पट्टी सोडवलीसुद्धा. मग एकाएकी तिला उंच इमारतीतली एक लिफ्ट दिसली. आत सामानाच्या पिशव्या घेतलेली कुणाची तरी आजी, कडेवर बाळ घेतलेली बाई. आणि वर, अंधारात, एक लाल ठिपका.

वायर तिच्या हातातच राहिली.

"आणली गं केबल," बाबा दारात उभा होता.

"केबल राहू दे." तिने टॉर्च आत धरली. "बाबा, इथे बघ."

तो वाकला. उजेड नीट पडावा म्हणून त्याने तिचं मनगट धरलं.

"हा ठिपका तू दिलास का गं?"

त्याने ते आशेने विचारलं होतं. सगळ्यात वाईट तेच होतं.

"नाही, बाबा."

"हं." त्याने ठिपका नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. "आईला सांग, रंग पक्का आहे."

मग त्याने स्वतः वायर बसवली. कट्. भिंतीवरचं बटण, मग पुढचं बटण, आणि पडदा उजळला.

"अगंबाई, लागला की," आई हात पुसत आली.

"लागला," बाबा म्हणाला. "हिने शोधलं."

सकाळी त्याने गणवेश चढवला, टाक्यांच्या खुणेवरून केस बसवले. भिंगरी दाराशी उभी.

"साहेबांना सांगतो, मला फोनवर बसवा," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "कोणी लिफ्टमध्ये अडकलं की आधी माझ्याशी बोलेल. घाबरू नका म्हणायला काय लागतं?"

"आणि पिशवी?"

"असू दे."

लिफ्ट आली. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने दारावर तळवा टेकला, कान देऊन ऐकलं, मग आत गेला.

भिंगरी घरात वळली. पिशवी टेबलाखाली सरकवलेली होती. तिच्यावर नेलपॉलिशची बाटली, झाकण घट्ट आवळलेलं.