माझ्यावरून पुसलेलं कडवं

मित्रांनो, मी फळा आहे. जुना. पूर्वी काळा होतो, आता राखाडी आहे. वय झालं की माणसांचे केस पांढरे होतात. मला केस नाहीत, म्हणून मी सगळाच झालो.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. माझ्या भावंडांपैकी एक दार झालं, एक शवपेटीचं झाकण. मला चर्चमागच्या खोलीत भिंत मिळाली. तिथे गायकमंडळींचा सराव चाले.

गाणी मावशी लिहीत. त्या सगळ्यांच्याच मावशी होत्या. पाळक त्यांच्याहून वयाने मोठे, पण तेही मावशीच म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली होती. गाण्याची प्रत्येक ओळ आधी माझ्यावर लिहायची आणि अख्खं गाणं पुरं होईपर्यंत कागदावर काही उतरवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "कागदावर गेलं की खोडायला हात धजत नाही," त्या म्हणत. आणि खाटेवरच्या आजारी माणसासमोर जी ओळ म्हणवत नाही, ती देवासमोरही म्हणायची नाही.

"तू सारे दुःख हरशील" अशी ओळ त्यांनी एकदा लिहिली. बराच वेळ बघत बसल्या. "आणि नाही हरलं तर? उद्या त्या माणसाला काय तोंड दाखवू?" ओळ पुसली. आठ दिवसांनी त्या जागी आलं, "दुःख राहिले, तर तूही राहा." मी लाकूड आहे, मला हुंदका येत नाही. त्या दिवशी मला एक चीर गेली. ती दमट हवेमुळे गेली, असं सुतार म्हणतो.

हे त्यांचं शेवटचं गाणं. तीन कडव्यांत आजारी माणूस बोलतो, चौथ्यात प्रभू उत्तर देतो. तीन कडवी सगळ्यांना पाठ झाली, तरी चौथं येईना. त्याला सात महिने लागले. "त्याच्या तोंडी शब्द घालायचे म्हणजे काय खेळ आहे?" एका गुरुवारी जमलं. मावशींनी ते धाकट्या बहिणीला एकदा वाचून दाखवलं. "रविवारी उतरवून घेऊ," मावशी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्या गेल्या.

दुपारी त्यांचा भाचा आला, त्याच धाकट्या बहिणीचा मुलगा. डोळे सुजलेले. अंत्यविधीची कामं कुठेतरी लिहायला हवी होती. त्याने डस्टर घेतलं, प्रभूचं उत्तर पुसलं आणि लिहिलं: खुर्च्या साठ, माईक, चहा.

फळ्याला सगळं आठवतं असा तुमचा समज असेल. तसं नसतं. आठवण डस्टरकडे जाते, आणि डस्टर खिडकीबाहेर झटकतात.

पुढे गाणी भाचा करू लागला. चहा निवायच्या आत त्याचं गाणं तयार होई. सगळ्यात गाजलं ते, "देवा, तू भारी, एकदम भारी." माझ्यावर ते एका ओळीत मावलं. शेजारी सूचना होती: सोळा वेळा. खाली: ओ ओ ओ, लोक खाली बसेपर्यंत.

लोक बसलेच नाहीत. माझंही कौतुक झालं, अक्षर लांबून दिसतं म्हणून.

"अरे, पण भारी म्हणजे कशाबद्दल?" पाळकांनी एकदा विचारलं.

"फीलिंग आहे ते, पाळकसाहेब."

"बरं," पाळक म्हणाले, आणि त्यांनीही टाळ्यांचा ठेका धरला.

दोन वर्षांनी भाच्याची आई रुग्णालयात गेली. मंगळवारी तो खोलीत आला आणि ड्रमवाल्याजवळ बसला.

"आई म्हणाली, ताईचं गाणं म्हण. तीन कडवी म्हटली. मग विचारते, पुढे तो काय म्हणतो रे? मी एकदा ऐकलं होतं, आता आठवतच नाही."

"मग?"

"येत नाही म्हटलं. तर म्हणे, तुझं एखादं म्हण."

"म्हटलंस?"

"'भारी' म्हटलं. अर्धं. ती बघतच राहिली. म्हणाली, टाळ्या कशा वाजवू राजा, हाताला सुई आहे."

ड्रमवाला हसला. मग हसायचं नव्हतं हे कळून खोकला.

भाच्याने खडू उचलला. तीन दिवस तो माझ्यासमोर उभा होता. "लवकर बरी होशील" लिहिलं, पुसलं. "घाबरू नकोस" लिहिलं. "ती घाबरणारच की," असं स्वतःशीच म्हणून पुसलं. "मी आहे" लिहिलं. त्याच्याकडे फार वेळ बघितलं. "हे तो म्हणतोय की मी?" तेही पुसलं. शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी कोरा होतो.

अंत्यविधीला "भारी"च म्हटलं गेलं. नव्या मंडळींना दुसरं काही येत नव्हतं. शवपेटीशेजारी, सोळा वेळा. टाळ्या मात्र हळू वाजवल्या, प्रसंग ओळखून. भाचा गायला नाही.

मित्रांनो, गाणं जरूर लिहा. पण ज्याला टाळी वाजवता येत नाही अशा एका माणसाला समोर बसवून लिहा. पुढे काय, असं त्याने विचारलं तर तुमच्याकडे काहीतरी असू द्या. आणि पुसण्याआधी एकदा वाचा.

भाचा अजून येतो. खडूला हात लावत नाही. माझ्यावर तळवा टेकून उभा राहतो, जणू आत काही उरलं असेल. उत्तर माझ्याकडे होतं. चार ओळींचं होतं. मला एवढंच ठाऊक आहे.