पालथं घमेलं

"मच्छिंद्र लिंबाजी सोनकांबळे. शिक्षण सातवी, नापास."

"कुनाला सांगायलास रं नापास म्हून?" दारातून इरम्मानं विचारलं. शेजारच्या गल्लीतली ही म्हातारी रोज सकाळी काही ना काही निमित्त काढून डोकावत असे. आज तिच्या हातात भाकरी आणि वर कारळाची चटणी होती. "यप्पा! सकाळच्या पारी भिंतीसंगं बोलायलास व्हय?"

"भिंतीसंगं न्हाय मावशी. तयारी करायलो. आज मुलाखत हाय नव्हं."

इरम्मानं घरात पाहिलं. भिंतीजवळ एक घमेलं पालथं घातलं होतं आणि त्याच्यासमोर मच्छिंद्र धुवट सदरा घालून, हात बाजूला सोडून ताठ उभा होता. बाकी घरात कोणी नव्हतं. म्हातारीला कळलं. तिनं भाकरी चुलीपाशी ठेवली आणि विषय बदलला.

"भुईचे पोपडे निघालेत बग. चैतापासनं शेणाचा हात लागला न्हाय. सारवून देऊ का?"

"राहू द्या मावशी."

"किती दिस राहू द्यायचं?"

मच्छिंद्रनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ती गेल्यावर तो पुन्हा घमेल्यासमोर उभा राहिला.

त्या घमेल्यावर मुक्ताबाई बसायची. त्याची बायको. संक्रांतीच्या सुमारास गावात बातमी आली की तळ्यावर उपसा सिंचनाची सोसायटी होतेय, मोटार बसणार आणि ती चालवायला माणूस नेमणार. मच्छिंद्रनं हणमंतप्पाच्या विहिरीवर बरीच वर्षं मोटार चालवली होती. अर्ज करायला त्याला मुक्तानंच लावलं. अर्ज दिला त्या दिवशी संध्याकाळी तिनं घमेलं पालथं घातलं, त्यावर बसली, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि घसा खाकरून जाड आवाजात म्हणाली, "हां, मच्छिंद्रा! ये, असा म्होरं ये."

तो हसून हसून खाली बसला. लग्न झाल्यापासून तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. अवं, ऐकलं का, एवढ्यावर संसार झाला होता. नाव घ्यायला तिला साहेब व्हावं लागलं.

"दात काय काढतोस? साहेबासमोर दात काढत्यात व्हय? मोटार कशानं जळते, सांग."

"पान्याबिगर चालली की जळते, साहेब. एक फेज गेला तरी जळते."

"शिक्षान?"

"सातवी पास."

ती घमेल्यावरून उठलीच. आवाज पुन्हा बायकोचा झाला. "अवं, नापास हाव की तुमी."

"कोन बगायलंय?"

"रोज सांजच्याला बुद्धवंदनेत काय म्हनता? खोटं बोलनार न्हाय म्हनता ना? का ते निस्तं भिंतीला ऐकवायला?" मग ती पुन्हा बसली. "चल, पुन्यांदा. शिक्षान?"

"सातवी. नापास, साहेब."

"आता कसं!"

चूल पेटवायच्या आधी हा खेळ रोज व्हायचा. प्रश्न ठरलेले होते, उत्तरंही ठरली. घरी कोण कोण? तर, म्या आन् मालकीन, दोघंच. लेकरू नव्हतं. तळ्यावर एकटा राहशील का? तर, राहीन साहेब, मालकीन भाकरी घेऊन येईल. आणि शेवटी साहेब पुढं वाकून हळूच विचारायचा, "पगार झाल्यावर बायकूला काय घेशील रं मच्छिंद्रा?" त्यानं म्हणायचं, "तिलाच इचारून सांगतो, साहेब." यावर साहेब तोंडाला पदर लावून हसायचा आणि मुलाखत संपायची.

चैत्रात तिला कावीळ झाली. उमरग्याच्या दवाखान्यात नेली तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. तिथून ती परत आली नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं दसरा झाल्यावर.

सोसायटीचं ऑफिस शेजारच्या मोठ्या गावात होतं. मच्छिंद्र तळ्याच्या बांधावरून चालत निघाला. बहात्तरच्या दुष्काळात हा बांध घालायला सगळं गाव होतं. तो खणायचा आणि मुक्ता माती वाहायची, घरातल्या त्याच घमेल्यानं. तेव्हा त्यांचं लग्न नवं होतं. ती येता-जाता मुद्दाम त्याच्या पायावर थोडी माती सांडायची. आता बांधावर गवत होतं आणि खाली अर्ध्यापर्यंत पाणी. पलीकडं मोटारीची नवी खोली दिसत होती, पांढरा चुना दिलेली. त्याला भीती वाटत नव्हती. विचारतील ते सगळं पाठ होतं.

ऑफिसच्या ओट्यावर एक तरुण जोडपं बसलं होतं. माणूस सारखा गुडघे हलवत होता. बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. ती एका हातानं त्याला थोपटत होती, दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या कॉलरचा दोरा तोडत होती.

"गुंडाप्पा म्हनत्यात मला," तो माणूस आपणहून म्हणाला. "तुमी बी मोटारीसाठीच का?"

"व्हय."

"मग झालं आमचं," गुंडाप्पा बायकोला म्हणाला. "ह्ये बग, कसं निवांत बसलेत."

मच्छिंद्रला आधी बोलावलं. टेबलामागं सोसायटीचे चेअरमन नानासाहेब बसले होते, शेजारी उमरग्याहून आलेला पँटवाला साहेब. नानासाहेबांनी पानाचा तोबरा गालात सरकवला.

"हां, मच्छिंद्रा. ये, असा म्होरं ये."

मच्छिंद्र उंबऱ्यातच थबकला. तेच शब्द. तो दोन पावलं पुढं गेला आणि घरी उभा राहायचा तसाच उभा राहिला.

मोटार कशानं जळते, ते त्यानं सांगितलं. पाणी उचलत नसेल तर आधी काय बघायचं, तेही सांगितलं. शिक्षण विचारल्यावर सातवी, नापास, असं सांगितलं. साहेब हसला. "सरळ माणूस दिसतोय, नानासाहेब."

"घरी कोण कोण?"

"म्या आन् मालकीन. दोघंच."

"तळ्यावर राहावं लागंल. लाईट कवा येईल त्याचा भरवसा न्हाय."

"राहीन साहेब. मालकीन भाकरी घेऊन येईल."

उत्तर तोंडातून गेलं. तोंडाला सवय होती, ते थांबलं नाही. मच्छिंद्रला ते आपल्याच कानानं ऐकू आलं. पण नानासाहेब खूश झाले होते.

"हे बेस झालं बग. दुसऱ्या एका सोसायटीनं सडा मानूस ठिवला. गेला की गडी गावात भाकरीला, बसला गप्पा हानत! इकडं पानी सरलं, मोटार जळाली. आता कमिटीनं ठरवलंय, जोडपंच पायजे. एक जेवायला बसलं तर दुसरं मोटारीपाशी. खोली त्याच्यासाठीच बांधलीय."

"मग यांचंच नक्की करू," साहेब म्हणाला. "बाहेरच्याला एकदा बघून घेऊ आणि संपवू."

"जा, बस भायेर," नानासाहेब म्हणाले. "तुजंच समज."

मच्छिंद्र हलला नाही. अजून एक प्रश्न राहिला होता, पगार झाल्यावरचा.

"आता काय?" नानासाहेबांनी विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला आणि बाहेर आला.

आत चहा आला होता, म्हणून गुंडाप्पाला लगेच बोलावलं नाही. त्याची बायको मुलाला खांद्यावर घेऊन मच्छिंद्रजवळ आली.

"दादा, काय काय इचारत्यात हो? सांगा की. ह्यांस्नी आत गेल्यावर कायबी सुचत न्हाय. घरी म्या घोकून घेते, तवर सगळं येतंय."

"घोकून घेता?"

"तर काय! म्या साहेब हुते." ती लाजली. "हसू नगासा."

मच्छिंद्र हसला नाही. तो ओट्यावर बसला आणि सांगू लागला. "मोटार कशानं जळते, ते इचारत्यात. पान्याबिगर चालली की जळते म्हना. शिक्षान खरं सांगा, त्याला कोन हसत न्हाय. मग इचारत्यात, घरी कोन कोन..."

"मग काय म्हनायचं?" गुंडाप्पानं विचारलं.

मच्छिंद्रनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या बायकोकडं. तिनं मुलाचं डोकं नीट सावरलं आणि उत्तराची वाट बघत राहिली.

"जे हाय ते सांगा," तो म्हणाला, आणि उठून पुन्हा आत गेला.

नानासाहेब बशीत चहा ओतत होते.

"साहेब, मालकीन न्हाय."

"कुठं गेली?"

"वारली. चैतात."

नानासाहेबांनी बशी खाली ठेवली. साहेब खिडकीतून बाहेर बघू लागला.

"मग मगाशी असं का बोललास रं?"

"उत्तर तिनंच शिकिवलं हुतं."

मग नानासाहेब हळू आवाजात म्हणाले, "मच्छिंद्रा, मानूस तू चोख हाईस. पन कमिटीचा ठराव जोडप्याचा हाय. म्या एकटा बदलू शकत न्हाय."

"बदला असं म्हनत न्हाय म्या."

"मोटार कवा अडली तर तुला बलवू. येशील?"

"येईन की."

चहा घेऊन जा म्हणाले. त्यानं घेतला, उभ्यानंच. बाहेर येताना गुंडाप्पाला त्यानं सांगितलं, "जावा आत. गुडघं हलवू नगा."

परतताना तो बांधावरून आला नाही. खालच्या शेतातल्या वाटेनं आला.

घरी आल्यावर सदरा काढून त्यानं खुंटीला अडकवला. पाय दुखत होते. बसायला पटकन दुसरं काही दिसलं नाही, म्हणून तो घमेल्यावर बसला. तिथं तो आजवर कधी बसला नव्हता. ती साहेबाची जागा होती.

तिथून दार दिसत होतं, चूल दिसत होती. आणि समोर, बरोबर तो उभा राहायचा तिथं, भुईवर दोन पावलं उमटली होती. पोपडे आजूबाजूला सुटले होते, पण तेवढी जागा त्याच्या उभं राहण्यानं दाबून गुळगुळीत झाली होती. एवढे महिने ती पावलं त्याच्या पायाखालीच होती. तिला मात्र ती रोज दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरम्मा आली. मुलाखतीचं तिनं काही विचारलं नाही. तोपर्यंत गावात कळलं होतं. तिच्या हातात शेणाची पाटी होती.

"आज न्हाय म्हनू नगंस," ती म्हणाली.

"न्हाय म्हनत, मावशी. सारवा."

तिनं पदर खोचला आणि दारापासून सुरुवात केली. ओल्या शेणाचा वास घरभर पसरला. हात फिरवत फिरवत ती भिंतीकडं सरकू लागली. मच्छिंद्र चुलीपाशी उकिडवा बसून तिच्या हाताकडं बघत होता.

"मावशी," तो म्हणाला, "तेवढं सोडून सारवा."

इरम्मानं त्या दोन पावलांकडं पाहिलं आणि मग घमेल्याकडं. तिनं हात वळवला आणि कडेकडेनं सारवत पुढं गेली.