आवाज बंद करून

गोळी पोराच्या मानेत शिरली तेव्हा अश्लेषा सफरचंद खात होती. रक्त काळं दिसत होतं, कारण पडद्यावरचे रंग तिने घालवले होते आणि आवाजही बंद होता. डब्लिनच्या त्या ऑफिसात लोकांनी टाकलेले हिंसक व्हिडिओ दिवसभर तपासायचे, तर ही युक्ती लागतेच. टीमलीड नंदकुमारने ती पहिल्याच आठवड्यात शिकवली होती.

म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावून जेमतेम महिना झाला होता. कुणीतरी घराच्या गॅलरीतून हे टिपलं होतं. पोरगा पडला, सैनिकाने त्याला बुटाने उलथा केला आणि बंदुकीच्या दस्त्याने त्याचं तोंड फोडलं. नियमाने हे काढून टाकायचं. पण अश्लेषाचं डोकं सणकलं. बघू दे जगाला एकदा, म्हणून तिने वर इशाऱ्याची पाटी लावली आणि व्हिडिओ राहू दिला.

जगाने बघितला. निर्बंधांची भाषा सुरू झाली, युरोपातले दोन-तीन मंत्री त्याचा हवाला देऊन लोकशाही परत आणा म्हणाले. नंदकुमार खुशीत होता.

"ग्रँड काम केलंस गं! न्यूजमध्ये सगळीकडे तुझाच व्हिडिओ चाललाय."

तिलाही बरं वाटलं, का वाटू नये? पुण्याला आईला फोन करून तिने सांगितलंसुद्धा.

मग बर्मी मजकूर तपासणारी थिरी तिच्या टेबलाशी आली. मास्क हनुवटीखाली, चेहरा पांढराफटक.

"तो व्हिडिओ तू ठेवलास?"

"हो. का?"

"ऐकला होतास?"

अश्लेषाने नकारार्थी मान हलवली. थिरीने हेडफोनची वायर उपटली आणि व्हिडिओ लावला. गोळीचा आवाज झाला, पाठोपाठ अगदी जवळून एका बाईचा घाबरा आवाज आला.

"व्हिडिओ टिपणाऱ्या मुलीची आई हाक मारतेय," थिरी म्हणाली. "न्वे, आत ये. न्वे, ते वर बघताहेत. नाव आहे ते, अश्लेषा. त्या गल्लीत सगळे ओळखत असतील तिला."

अश्लेषाने तत्क्षणी व्हिडिओ काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गल्ली पुन्हा समोर आली, या वेळी पलीकडच्या घरातून टिपलेली. तिने थिरीला बोलावून घेतलं, रंग परत आणले, आवाज पूर्ण वाढवला. सैनिक एका मुलीला केसांना धरून जिन्यावरून ओढत होते आणि पायरीगणिक तिचं डोकं आपटत होतं. काठ्या पडत होत्या. हाड मोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. एक बाई धावत येऊन मुलीच्या अंगावर पडली. तिच्या बरगडीत बूट बसला, तरी ती ओरडतच होती.

"काय म्हणतेय?"

"तो व्हिडिओ मी टिपला म्हणतेय. मुलगी घरात नव्हतीच. मला न्या."

काठ्या थांबल्या. अश्लेषाने थिरीचं मनगट घट्ट धरलं. सोड, सोड तिला, असं ती चक्क मराठीत पुटपुटली.

अधिकाऱ्याने खिशातून फोन काढला, थोडा वेळ त्यात काहीतरी शोधलं आणि वाकून तो बाईच्या कानाला लावला. त्या फोनमधून पहिल्या व्हिडिओतला बाईचाच आवाज आला, न्वेला हाक मारणारा.

थिरीने याचं भाषांतर केलं नाही. बाई ओरडायची थांबली आणि मुलीच्या अंगावरून बाजूला झाली.