खुराड्यासाठी फळी निवडताना

"वाजव तिला. पोकळ बोलते का बघ."

कारखान्यातल्या गरम दाबाखालून मी नुकती बाहेर आले होते, तेव्हा ऐकलेला एका बाईचा हा आवाज. दुसरीनं बोटाच्या पेरानं मला ठिकठिकाणी वाजवलं आणि भरीव आहे म्हणून पुढे ढकललं. ते माझं पहिलं कौतुक.

मित्रांनो, मी प्लायवूडची एक जुनी फळी आहे. सध्या एका खुराड्याची मागची भिंत आहे. कोंबड्या मला टेकून झोपतात, त्यांची ऊब माझ्यात उतरते.

ओंडका फिरवत त्याचे पातळ पापुद्रे सोलले आणि एक उभा, एक आडवा असे चिकटवून मला घडवलं. उभ्यानं आडव्याला धरायचं, आडव्यानं उभ्याला. म्हणून मी सहसा वाकत नाही.

एका मिस्त्रीनं मला त्याच्या ताईच्या घरी आणलं. ताईचे यजमान शिंपी. त्यांच्यासाठी त्यानं माझं कापड बेतायचं टेबल केलं. खडूच्या रेघा, कात्रीची करकर, इस्त्रीची धग, सगळं मी अंगावर घेतलं. शिंपीदादा गिऱ्हाइकांना माझी कड दाखवून म्हणत, मेहुण्याचा हात बघा, करवत चालवली की सुरी, कळत नाही.

दादा गेले. टेबल मोडलं आणि मला न्हाणीच्या भिंतीशी उभं केलं. तिथं ओल लागून माझा एक कोपरा फुगला. कुणी फिरकलं नाही. कोळ्यांनी तेवढा संसार थाटला.

घर फार गप्प झालं, तेव्हा ताईनं कोंबडीची पिल्लं आणली. शिलाई मशीनखालच्या टोपलीत ती वाढू लागली. कुंपणावर एक थोराड बोका येऊन बसायचा. ताईनं भावाला निरोप धाडला, खुराडं लवकर बांधून दे.

मिस्त्री आला आणि निवडच करत बसला. भुशाच्या बोर्डाचा तुकडा त्यानं रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला. साध्या फळ्या नकोत, फटींमध्ये पिसवा होतात. नवा पातळ प्लाय नको, कडेनं सुटतो. मग मला वाजवलं, भरीव म्हणाला, आणि लगेच माझ्याही खोडी काढल्या. कोपरा भिजलाय, वजन फार आहे, उद्या बघू.

"खुराडं बांधतोयस की कोंबड्यांसाठी स्थळं बघतोयस?" ताई म्हणाली.

तो हसला आणि घरी गेला. हल्ली तो कुणाचंच काम घेत नव्हता. विचारलं तर सुट्टीवर आहे म्हणे.

मग एका दुपारी बोक्यानं ताईचं कबरं पिल्लू नेलं. ते तिच्या हातावर बसून दाणे खायचं. ती रडली नाही. उरलेली पिल्लं तिनं पदराखाली घेतली आणि भावाला सांगितलं, तुला जमत नसेल तर मी दुसरा मिस्त्री बघते.

त्यानं मला दोन स्टुलांवर आडवं केलं. भिजका कोपरा वगळून पेन्सिलीनं रेघ मारली. मग तीच रेघ तो अंगठ्यानं चाचपू लागला. करवत टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. अंगठा रेघ सोडून भलतीकडेच जात होता. ते मला कळत होतं, ताईला नाही.

मित्रांनो, फळीची निगा सोपी असते. जमिनीपासून उचलून ठेवा, कडा रंगवा, पाणी साचू देऊ नका. आमचं बिघडलं तर आम्ही फुगून दाखवतो. माणूस फुगत नाही, तो नुसत्या दुसऱ्याच्या खोडी काढत राहतो. तेव्हा जवळ बसून विचारावं लागतं.

ताई जवळ येऊन बसली. तिनं करवतीवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. आवाज खाली आणून विचारलं, "काय झालंय रे? फळी इतकी वाईट आहे?"

त्यानं करवत बाजूला ठेवली.

"फळी चांगली आहे, ताई. सगळ्याच चांगल्या होत्या," तो म्हणाला. "मला रेघ दिसत नाही."